साळबर्डीच्या महादेवाला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्याच्या उत्तर टोकाला सातपुडा सुरू होतो, तिथे माडू नदीच्या काठावर साळबर्डी आहे. गाव लहान, पण दोन राज्यांत वाटलेलं. एक भाग आपल्या अमरावती जिल्ह्यात, दुसरा मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात. डोंगरात महादेवाचं भुयार आहे, खाली नदी आहे, एक गरम आणि एक थंड असे पाण्याचे दोन झरे आहेत, खडकात कोरलेले जुने बौद्ध विहार आहेत, आणि चक्रधर स्वामींच्या वास्तव्यामुळे महानुभाव पंथाचंही हे तीर्थ आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते.

एवढं सगळं एका ठिकाणी असलं की नवखा माणूस सगळं एकाच दिवसात उरकायला बघतो. तोही नेमका शिवरात्रीचा दिवस धरून. मग दिवसभर रांगेत उभा राहतो, भुयारात घटकाभरही थांबता येत नाही, नदी पुलावरूनच पाहतो आणि रात्री थकून घरी येऊन सांगतो की साळबर्डीत गर्दीशिवाय काही नाही. हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. वऱ्हाडातल्या जाणत्यांनी तो वाचला नाही तरी चालेल, त्यांना वाट पाठ आहे.

आधी ठरवा: यात्रा पाहायची की देव

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यात्रा पाहायची असेल तर महाशिवरात्रीला पर्याय नाही. २०२६ साली ती १५ फेब्रुवारीला होती, २०२७ साली ६ मार्चला आहे. आपल्या पंचांगात ही माघ वद्य चतुर्दशी. नदीपलीकडच्या हिंदी पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे तिकडे याच तिथीला फाल्गुन म्हणतात. एकाच गावात, एकाच दिवशी, एकाच देवापुढे एक जण माघ म्हणतो आणि दुसरा फाल्गुन. तिकडच्या पाहुण्यांशी बोलून दिवस ठरवणार असाल तर महिन्याच्या नावावर जाऊ नका, तारीख विचारून घ्या.

देव, डोंगर आणि नदी पाहायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी यातला कुठलाही साधा दिवस घ्या, शक्यतो सोमवार सोडून. नदीला पाणी असतं, ऊन सोसतं, आणि भुयारात दोन मिनिटं निवांत बसता येतं. माझं मत विचाराल तर पहिली खेप अशीच करावी. वाट, चढ, भुयाराची रुंदी आणि आपला दम यांचा अंदाज आला की पुढच्या वर्षी खुशाल यात्रेत शिरा.

एप्रिल-मे मध्ये जाऊ नका. विदर्भाचं ऊन माहीत असलेल्याला कारण सांगावं लागत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांनी एवढंच समजावं की पारा ४४ अंशांवर गेलेला असताना अनवाणी पायांनी दगडी पायऱ्या चढायच्या आहेत.

श्रावणात डोंगर सगळ्यात सुंदर दिसतो आणि नदी सगळ्यात फसवी असते. माडूचं पाणी सातपुड्यातून येतं. वर डोंगरात पाऊस कोसळला आणि गावात कोरडं आभाळ असलं तरी लोंढा येतो. पावसाळ्यात पात्रात उतरायचं नाही, पात्रातल्या खडकावर बसून डबा खायचा नाही, आणि पुलावरून पाणी जात असेल तर ते ओसरेपर्यंत अलीकडेच थांबायचं. गावकरी «थांबा» म्हणाले की थांबायचं, वाद घालायचा नाही.

पोचायचं कसं

बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी सोयीचं मोठं स्टेशन म्हणजे बडनेरा. मुंबई–हावडा मार्गावरच्या बहुतेक गाड्या तिथे थांबतात. बडनेऱ्याहून अमरावती जवळच आहे, आणि अमरावतीहून मोर्शी साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर. मोर्शीहून पुढे साळबर्डी दहा-बारा किलोमीटर. नरखेड मार्गावरच्या रेल्वेचं स्टेशन मोर्शीलाही आहे, पण त्या मार्गावर गाड्या मोजक्या. वेळ जुळली तर उत्तम, नाही तर एसटी.

अमरावती–मोर्शी एसटी दिवसभर मिळते. खरा प्रश्न मोर्शी ते साळबर्डीचा आहे. साध्या दिवशी फेऱ्या कमी असतात, म्हणून मोर्शीच्या बसस्थानकावर उतरल्याबरोबर चौकशी खिडकीवर दोन गोष्टी विचारा: साळबर्डीची पुढची गाडी किती वाजता, आणि तिकडून परतीची शेवटची किती वाजता. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. गावात उतरताना हाच प्रश्न कंडक्टरलाही विचारून घ्या. खिडकीवरची वेळ आणि कंडक्टरची वेळ यात फरक निघाला तर कंडक्टरचं खरं धरा.

यात्रेच्या दिवसांत मोर्शी आणि वरूडकडून जादा गाड्या सुटतात आणि ही अडचण राहत नाही. तेव्हा अडचण चढण्याची असते. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली जुनी रीत तिथे जोरात चालते. बायकांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढच्यांना मोफत, या एसटीच्या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीत आहेत. आधार कार्ड जवळ ठेवा.

स्वतःच्या गाडीने जात असाल तर पेट्रोल मोर्शीतच भरून घ्या. शिवरात्रीला गाड्या गावाच्या बऱ्याच अलीकडे थांबवतात, तिथून पायी. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताना हे अंतर हिशेबात धरा. पुष्कळ घरांत चढाचा विचार होतो आणि या सपाट पायपिटीचा होत नाही. डोंगराच्या पायथ्याशी पोचेपर्यंतच आजीबाईंचे गुडघे बोलायला लागतात.

मुक्कामाची सोय मोर्शीत किंवा अमरावतीत धरा. गावात हॉटेलं शोधायला जाऊ नका.

सोबत काय घ्यायचं

थोडंच घ्या, कारण भुयारात पाठीवर पिशवी चालत नाही. एक टॉर्च हवी, मोबाइलची नाही, खरी. भुयारात हात टेकावे लागतात आणि मोबाइल हातातून सुटला की दगडावरच पडतो. माणशी दोन लिटर पाणी. दहा-वीसच्या सुट्या नोटा, कारण रेंज गेली की फोनवरून पैसे देणं बंद. पंचा किंवा टॉवेल, कपड्यांचा एक जादा जोड, आणि बायका सोबत असतील तर एक जुनी मोठी साडी किंवा चादर. नदीवर कपडे बदलायला आडोसा मिळेलच असं नाही, दोघींनी चादर धरली की काम होतं.

कपडे साधे, सुती, मळले तरी चालतील असे. नवी काठापदराची साडी किंवा पांढरं इस्तरीचं धोतर नेसून भुयारात शिरलेला माणूस बाहेर येताना ओळखू येत नाही.

फोनचं आणखी एक. सीमेवर फोन कधी आपल्या राज्याचा टॉवर धरतो, कधी पलीकडचा. १०८ किंवा ११२ ला फोन करायची वेळ आली तर कॉल मध्य प्रदेशातही लागू शकतो. अशा वेळी आधी राज्य, जिल्हा आणि गाव सांगायचं, मग काय झालं ते. समोरचा हिंदीत बोलला म्हणून घाबरून फोन ठेवू नका.

नदीवर

रीत अशी की आधी नदी, मग देव. पाय धुतल्याशिवाय वर चढू नये, असं जुनी माणसं सांगतात: «पह्यले पाय धुवा, मंग महादेवाले जा.» आंघोळ करायची असेल तर जिथे गावकरी उतरतात तिथेच उतरा. खडक शेवाळलेले असतात आणि काठापासून दोन पावलांवर कुठे डोह आहे हे नवख्याला दिसत नाही. पोहता येतं म्हणून पोरांनी वरून सूर मारायचा नाही, खाली दगड आहेत.

ही माडू पुढे जाऊन वर्धा नदीला मिळते. तुम्ही इथे साबण लावलात तर तो खालच्या गावांकडे जातो, म्हणून साबण-शाम्पू घरी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं निर्माल्य नदीत सोडणाऱ्यांना तर काय म्हणावं! फुलं सोडायचीच असतील तर पिशवी तरी परत न्या.

गरम आणि थंड पाण्याच्या झऱ्यांना लोक सीतेची न्हाणी मानतात. रामाने टाकलेली सीता इथे वाल्मीकींच्या आश्रमात राहिली आणि लव-कुश इथेच वाढले, अशी इथली कथा. यवतमाळ जिल्ह्यातल्या रावेरीतही सीतेच्या वनवासाची गोष्ट सांगतात, तिथे तर सीतेचं मंदिरच आहे. विदर्भात सीता दोन ठिकाणी राहिली म्हणून कुणी भांडल्याचं ऐकलं नाही. गरम पाण्यात एकदम पाय टाकू नका, आधी हात घालून पाहा. लहान मुलांना तर कडेवरूनच दाखवा. हे पाणी प्यायचं नाही.

चढ आणि भुयार

ज्याच्यासाठी आलात ते हे.

चढ फार मोठा नाही, पण एका दमात चढायची पैज लावू नका. सकाळी लवकर निघा, ऊन चढायच्या आत वर पोचा. नारळ, बेल, फूल खालीच घ्या. चप्पल ज्या दुकानातून प्रसाद घेतला तिथेच ठेवायची, ही सगळ्या देवस्थानांची पद्धत इथेही चालते. वाटेत माकडं असतात. हातात लोंबकळणारी पिशवी म्हणजे त्यांना आमंत्रण. नारळ-केळी कापडी पिशवीत घालून छातीशी धरा आणि त्यांच्या डोळ्याला डोळा लावू नका.

ज्याच्या डोक्यावर हात ठेवशील तो भस्म होईल, असा वर भस्मासुराला दिल्यावर तो महादेवाच्याच डोक्यावर हात ठेवायला धावला, तेव्हा महादेव पळत येऊन या भुयारात शिरले, अशी श्रद्धा आहे. भुयार आतून थेट पचमढीच्या महादेव डोंगरापर्यंत जातं, असंही लोक सांगतात. पचमढीच्या चौरागडावर महाशिवरात्रीला विदर्भातून माणसं त्रिशूळ खांद्यावर घेऊन जातात. ज्यांना तेवढं लांब जाणं जमत नाही, पैशामुळे, शेतीमुळे किंवा वयामुळे, ते साळबर्डीला येतात. महादेव एकच आहे आणि वाट आतून जोडलेली आहे, मग इथलं दर्शन तिथे पोचतं, असा हा सरळ हिशेब. ही कथा माहीत असली की भुयारातली मंडळी आतल्या अंधाराकडे बघून हात का जोडतात ते कळतं. भुयार खरंच किती लांब आहे ते तपासायला कुणी आत घुसू नये. दर्शनाच्या जागेपलीकडे जायचं नाही.

आत जाण्याची वाट अरुंद आणि अंधारी आहे. वाकावं लागतं, काही ठिकाणी बसून किंवा रांगत पुढे सरकावं लागतं. जमीन ओली असते, कारण वरच्या खडकातून पाणी झिरपतं आणि ते पिंडीवर पडत राहतं. बाहेर उन्हाळा असला तरी आत थंड. डोकं आपटणं हा इथला नेहमीचा प्रसाद आहे, म्हणून एक हात कायम कपाळाच्या वर धरा आणि पुढच्याच्या पायाकडे बघत चला. घाई करू नका, मागच्याने ढकललं तरी नाही. शरीराने जाड माणसाला जाता येतं का, असं पुष्कळ जण लाजत विचारतात. बहुतेकांना जाता येतं, श्वास सोडून सरकायची सवय लागते. पण आपली छाती भरून येते असं वाटलं तर तोंडाशीच थांबा.

कुणी आत जाऊ नये हे स्पष्ट सांगतो, कारण देवापुढे आपली माणसं ऐकत नाहीत. दमा असलेल्यांनी, हृदयाचा आजार असलेल्यांनी, नुकतं ऑपरेशन झालेल्यांनी, गर्भवतींनी, आणि बंद खोलीत जीव घाबरतो अशांनी. लहान बाळाला तर मुळीच नेऊ नका. तोंडाशी उभं राहून केलेला नमस्कार महादेवाला पोचतो. जो पचमढीपर्यंत ऐकतो, त्याला दहा-वीस पावलांवरून ऐकू येणार नाही का?

आत कापूर, उदबत्ती, धूप लावू नका. अंधारात उजेड हवा म्हणून दिवा लावायचा मोह होतो, पण बंद जागेत माणसांची गर्दी आणि वरून धूर म्हणजे श्वास कोंडणं. आरती बाहेर करा. डोंगरातल्या कडेकपारीला आग्यामोहळ असतंच, तिथे धूर गेला की माशा उठतात. माशा उठल्याच तर हात हलवायचे नाहीत, तोंड झाकून, खाली बघत जागा सोडायची.

नारळ आत फोडायचा नाही. पिंडीजवळ खोबऱ्याचं पाणी आणि करवंटीचे तुकडे पडले की ओल्या दगडावरून पाय सरकतो. बेल वाहा, पाणी घाला, एकदा हर हर महादेव म्हणा आणि मागच्याला जागा द्या. गर्दी नसेल तर टॉर्च विझवून क्षणभर थांबा. पिंडीवर पडणारं थेंब-थेंब पाणी तेव्हाच ऐकू येतं, शिवरात्रीच्या गलक्यात ते कुणाच्याच कानावर जात नाही. साधा दिवस निवडा म्हणून मी जो आग्रह धरतो त्याचं निम्मं कारण हे आहे.

फोटो काढू नका असं कुणी म्हणत नाही, पण अरुंद वाटेत मोबाइल वर धरून थांबलेला एक माणूस मागच्या पन्नासांना अडवतो.

शिवरात्रीलाच गेलात तर

तर मग पूर्ण तयारीने जा. गावोगावची मंडळी दिंडीसारखी एकत्र निघतात, झेंडा पुढे, डफ किंवा ढोलकी सोबत, आणि महादेवाची गाणी म्हणत चालतात. एक जण ओळ उचलतो, बाकीचे «हर बोला महादेव» म्हणून झेलतात. तुमच्या ओळखीचं कुणी अशा मंडळीत जात असेल तर त्यांच्यासोबत जाणं सगळ्यात उत्तम. वाट, रांग, जेवण, झोप, सगळ्याची चिंता मिटते. वाटेत कुणी विचारेल, «कुठी चालले भाऊ?» उत्तर एकच: «महादेवाले.» देवळाचं नाव, गावाचं नाव सांगायची गरज पडत नाही.

रांगेत दर्शनाला किती वेळ लागेल हे कुणी सांगू शकत नाही. दुपारी उन्हात उभं राहण्यापेक्षा पहाटे किंवा रात्री उशिरा लागा. पोरांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते खाली उतरल्याबरोबर ठरवा, आणि ती जागा हलणारी नको. पाळण्याजवळ, रसवंतीजवळ असं ठरवलं की तिथे चार पाळणे आणि दहा रसवंत्या असतात. पूल, शाळा, देऊळ असं काहीतरी धरा. पाकीट मागच्या खिशात नको, सोनं अंगावर नको.

उपवास असतो म्हणून साबुदाण्याची उसळ, भगर, शेंगदाण्याची आमटी, उकडलेली रताळी सगळीकडे मिळतात. शिवरात्रीला कवठाचा मान, तेही मिळतं. पण रिकाम्या पोटी ऊन, चढ आणि भुयार हा मेळ चांगला नाही. उपवास कडक करायचाच असेल तर चढायच्या आधी निदान लिंबू-साखर-मीठ घातलेलं पाणी घ्या. मधुमेह असलेल्यांनी देवाची माफी मागून दोन घास खावे. देव रागावत नाही, डॉक्टर रागावतात.

आणि संत्री. मोर्शी-वरूड हा संत्र्याचा पट्टा आहे. संत्र्याचे दोन बहार, आंबिया आणि मृग. आंबियाची फळं दिवाळीच्या पुढेमागे उतरतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चला, म्हणजे बरोबर शिवरात्रीच्या हंगामात. यात्रेत पाण्याच्या बाटलीपेक्षा चार संत्री बरी. सालं मात्र पायऱ्यांवर टाकू नका.

रोडग्यांचा बेत

साध्या दिवशी कुटुंबासोबत जात असाल तर नदीकाठी रोडगे करण्यासारखं सुख नाही, आणि नवस फेडायलाही पुष्कळ जण हाच स्वयंपाक करतात. कधी केले नसतील तर थोडक्यात सांगतो. गव्हाचं जाडसर पीठ घरूनच घ्या. त्यात मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन, पीठ घट्ट भिजवायचं. एका गोळ्याच्या छोट्या-मोठ्या पाऱ्या लाटून, मध्ये तेल लावून, एकात एक गुंडाळत गोळा बांधायचा, म्हणजे आत पापुद्रे सुटतात. गोवऱ्या पेटवून त्यांचा आर, म्हणजे निखारे, होऊ द्यायचा. जाळावर रोडगा ठेवला तर बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो, इथेच नवखे चुकतात. आरात पुरून, उलटसुलट करत भाजायचा. भेग पडली की झाला. जुन्या कापडात घोळून राख झाडायची, फोडायचा, वर तूप सोडायचं. सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. वांगी, तूर आणि गोवऱ्या घरूनच न्या. लाकूड तोडायला डोंगरात जाऊ नका, ते वनखात्याचं जंगल आहे.

चूल जिथे आधीच दगड काळे झालेले आहेत तिथे मांडा. फेब्रुवारीनंतर पानगळ झालेली असते, ठिणगी उडाली की डोंगर पेटायला वेळ लागत नाही. निघताना आरावर पाणी ओता आणि हात लावून विझल्याची खात्री करा. शिवरात्रीच्या दिवशी उपवासामुळे हा बेत होत नाही, तो दुसऱ्या दिवशीच्या पारण्याला.

लेणी आणि चक्रधरांची स्थानं

डोंगरातल्या बौद्ध विहारांकडे फारसं कुणी वळत नाही, म्हणून आवर्जून सांगतो. अजिंठा-वेरूळ मनात धरून गेलात तर निराशा होईल. ही लहान, साधी लेणी आहेत. पण अमरावती जिल्ह्यात खडकात कोरलेलं काम किती थोडं उरलं आहे हे लक्षात घेतलं, तर तास काढायलाच हवा. गावातल्या माणसाला सोबत घ्या, वाट झुडपातून आहे आणि पाटीच्या भरवशावर राहू नये. भिंतीवर नाव कोरणाऱ्यांबद्दल इथे लिहिण्यासारखे शब्द माझ्याकडे नाहीत.

महानुभाव परंपरेनुसार तेराव्या शतकात चक्रधर स्वामींनी साळबर्डीच्या डोंगरात बारा वर्षं तप केलं. त्याआधी त्यांची भेट रिद्धपूरला गोविंदप्रभूंशी झाली होती, तेच त्यांचे गुरू. तपस्विनी मुक्ताबाईंची भेटही याच डोंगरातली. महानुभाव स्थानांत शिरताना त्यांची रीत पाळा: नमस्काराला «दंडवत प्रणाम» म्हणायचं, आणि स्वामी जिथे बसले-राहिले त्या जागेचा ओटा असतो, त्याला वंदन करायचं. महादेवासाठी घेतलेली पूजेची पिशवी बाहेर ठेवा, कुणी अडवायची वाट पाहू नका.

परतताना

वेळ आणि गाडी हाताशी असेल तर वाटेवर दोन ठिकाणं आहेत. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला वर्धा नदीवरचं अप्पर वर्धा धरण आहे, त्याच्या जलाशयाचं नाव नल-दमयंती सागर. अमरावती शहर याचंच पाणी पितं. पावसाळ्यात दरवाजे उघडले की बघ्यांची गर्दी होते. काठावर बंदी असलेल्या जागी फोटोसाठी उतरू नका.

दुसरं रिद्धपूर, तेही मोर्शी तालुक्यातच. गोविंदप्रभूंचा राजमठ इथे आहे, आणि म्हाइंभटांनी लीळाचरित्र इथेच सिद्ध केलं. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ ज्या गावात झाला तिथेच आता राज्य सरकारचं मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. साळबर्डीला चक्रधरांची स्थानं पाहिली असतील तर रिद्धपूर त्याच दिवशी पाहण्यात अर्थ आहे, डोक्यात सगळं ताजं असतं.

कौंडण्यपूर मात्र यात कोंबू नका. वर्धेच्या काठावरचं रुक्मिणीचं माहेर, तेही नदीकाठचंच तीर्थ, म्हणून लोक «लगेहाथ» करू म्हणतात. ते तिवसा तालुक्यात आहे, दुसऱ्या दिशेला, आणि त्याला स्वतंत्र दिवस हवा.

एसटीने परतणाऱ्यांनी शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी धरावी. शेवटची कधी भरून येते, कधी लवकर जाते, आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सगळं गावच परतीला निघालेलं असतं. मोर्शीला पोचलात की अमरावतीची गाडी मिळतेच. मधल्या वेळात बसस्थानकाबाहेर संत्री घ्या, पण एक सोलून खाऊन मगच डझनाचा भाव करा.